ओढ्याकडची पट्टी

उद्या सहाच्या आत सांग, म्हणालाय लाइल.
विमान नदीपलीकडून येणार,
एकदा पुढच्या शेतांवर गेलं की
माझ्यासाठी मागं वळणार नाही.

मक्याला परवाच केस फुटले.
फिकट, ओलसर, बोटाला चिकटणारे.
तुऱ्यातला पिवळा भुगा कॉलरच्या आत जातो
आणि इलिनॉयमधला अख्खा जुलै मान खाजत राहते.

शंभर पावलं आत गेले.
दव इतकं, की पँट मांडीपर्यंत भिजली.
कणसाशेजारचं पान उलटलं.
घर चालवतं ते तेच;
खालची गेली तर गेली.
एक काळा ठिपका. खसखशीएवढा.
थुंकी लावून अंगठ्यानं घासला.
किड्याची घाण असती तर निघाली असती.
निघाली नाही.

दुसऱ्या झाडावर काही नाही.
तिसऱ्यावर नाही.
अकराव्यावर दोन.

ब्रेनाला फोटो पाठवला.
बावीस वर्षांची पोर, डोक्यावर कंपनीची टोपी,
सल्ला देते तीच, औषध विकते तीच.
तरी खोटं बोलत नाही,
फक्त ‘बहुतेक’ फार म्हणते.
कर्टचा पिओरियाहून मेसेज:
अ‍ॅप म्हणतंय, धोका बासष्ट टक्के.
बासष्ट टक्के म्हणजे किती पानं रे, बाळा?

रात्री एल्डनची वही काढली.
बोलायचा कमी, लिहायचा त्याहून कमी.
एका वर्षी: फवारलं. मग पाऊसच नाही. पैसे हवेत.
पुढच्या वर्षी: नाही फवारलं.
आणि खाली नुसती एक रेघ,
पेन्सिल इतकी दाबून ओढलेली
की मागच्या पानावर हाताला लागते.
त्या ऑक्टोबरात धाटं गुडघ्यात मोडली होती.
मधोमध यंत्र बंद करून, दिवे चालू ठेवून
तो आत बसून राहिला होता.
मी जेवण घेऊन गेले, त्यानं काच खाली केली नाही.

एकरी अडतीस डॉलर. एकशे साठ एकर.
मका चार डॉलर दहा सेंट.
एकरी सव्वानऊ बुशेल वाचले तर बरोबरी.
पण वाचलेलं कधी कुणाला दिसलंय?
गेलेलं दिसतं. आडवं पडतं, काळं पडतं,
रस्त्यावरून जाणारा गाडी हळू करून बघतो.
वाचलेलं बाकीच्या मक्यात मिसळून
मुकाट्यानं गोदामात जातं.

शेजारचा ऑरिन पान न बघता फवारतो, दरवर्षी.
झोप लागते, म्हणतो.
अडतीस डॉलरात झोप, तशी महाग नाही.
मला राग येतो त्याचा.
त्याच्या झोपेचाही.

पावणेसहाला फोन केला.
ओढ्यावरचं धुकं अजून कुंपणाला टेकलेलं.
“फवार,” म्हटलं, “पण ओढ्याकडच्या बारा ओळी सोड.”
लाइल हसला. “मार्लिस, वरून मला ओळी मोजता येत नाहीत.
एक फेरी सोडतो. सत्तर फूट.”
“सोड.”
“कशासाठी पण?”
“चुकले असेन तर कुठं, ते बघायला जागा नको?”
तो जरा गप्प झाला, मग म्हणाला,
“कुत्र्याला आत घे.”

आठला आलं पिवळं विमान,
तारांवरून टुणकन खाली,
तुऱ्यांना पोट लागेल इतकं.
मी टपालपेटीपाशी, लांब.
जावं, वळावं, परत यावं,
एकशे साठ एकर वीस मिनिटांत उरकले.
ओढ्याकडची पट्टी तेवढी सोडली त्यानं, इमानानं.

मग पश्चिमेकडून बारीकशी झुळूक आली.
थोडं तिकडंही गेलंच.